आसनाची उंची आणि स्वाराचे माप : मोटारसायकलच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण

ज्या वाहनावर माणूस मांड टाकून बसतो, त्या वाहनाची उंची आणि बसणाऱ्याच्या पायांची लांबी यांचा मेळ कोणी कोणाशी घालावयाचा, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक वाटतो. घोड्याच्या बाबतीत तो कधी उपस्थितच झाला नाही. रिकिबीचा पट्टा आखूड अथवा लांब करता येतो आणि घोडा थांबला तरी स्वतःच्या चार पायांवर उभा राहतो. स्वाराने पाय जमिनीला टेकावा अशी त्याची अपेक्षा नसते. उंट तर स्वाराला घेण्यासाठी खालीच बसतो. दोन चाकांच्या यंत्राची गोष्ट मात्र निराळी आहे. धावताना ते आपला तोल बऱ्याच अंशी आपण सांभाळते. थांबले की सांभाळत नाही. थांबण्याच्या त्या काही क्षणांपुरता स्वाराचा पाय हाच त्याचा तिसरा आधार होतो. हा पाय जमिनीपर्यंत पोहोचला नाही, तर दीड-दोनशे किलोचे यंत्र स्वारासह आडवे होते.

आखूड पायांच्या स्वारासाठी मोटारसायकलचे आसन खाली आणण्याचे काम आज सर्वत्र चालते. ते कारागिराचे किरकोळ काम समजले जाते, आणि ज्याच्यासाठी ते करावयाचे तो स्वार 'बुटका' ठरतो. यंत्र 'उंच' आहे असे सहसा कोणी म्हणत नाही. शब्दांची ही निवड निर्हेतुक असली तरी निरर्थक नाही. यंत्राचे माप हे प्रमाण आणि माणसाचे माप ही त्यातील तफावत, असे तिच्यात गृहीत धरलेले असते. दुचाकीच्या इतिहासाची पाने मागे उलटली, तर हे गृहीत फारसे जुने नाही असे आढळून येते. एके काळी यंत्राचे माप माणसाच्या पायावरूनच घेतले जात असे.

तो काळ १८७० ते १८८५ या पंधरा वर्षांचा होय. १८७० मध्ये इंग्लंडमधील कोव्हेंट्री येथे जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी 'एरियल' नावाच्या सायकलीचे पेटंट घेतले. पुढील चाक प्रचंड, मागील चाक लहानसे, अशी ही रचना पुढे 'ऑर्डिनरी' या नावाने प्रसिद्धीस आली. हिच्यात पायटे थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असत. मधे साखळी नव्हती. त्यामुळे पायट्याचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. चाक जितके मोठे तितका एका फेऱ्यातील पल्ला लांब, आणि चाक किती मोठे असावे यावर एकच मर्यादा, ती म्हणजे स्वाराच्या पायाची. म्हणून ही सायकल जोड्याप्रमाणे मापाने विकली जाई. ४८ इंचांपासून ६० इंचांपर्यंत व्यासाची चाके असत आणि गिऱ्हाइकाच्या पायाच्या आतील बाजूचे माप पाहून त्यातील एक निवडावयाचे असे.

माणसाच्या मापाला येथे मान होता, पण समता नव्हती. ४८ इंची चाकाचा परीघ सुमारे साडेबारा फूट भरतो, ६० इंची चाकाचा पावणेसोळा फूट. म्हणजे सारख्याच श्रमाच्या एका फेऱ्यात लांब पायांचा माणूस आखूड पायांच्या माणसापेक्षा तीन फुटांहून अधिक पुढे जाई. निसर्गाने दिलेला पाय हाच वेगाचा हिशेब होता. या हिशेबाचा एक अवशेष इंग्रजी भाषेत अद्याप टिकून आहे. इंग्लंड-अमेरिकेत सायकलीच्या गियरचे मान आजही इंचांत सांगण्याची रीत आहे. हे इंच साखळीचे नाहीत, दातेरी चक्राचेही नाहीत. साखळी नसती तर पुढचे चाक किती इंच व्यासाचे लागले असते, त्याचे ते आहेत. कोणी आज ७० इंचांचा गियर म्हटला, तर तो नकळत अशा एका चाकाविषयी बोलत असतो की जे चालविण्याइतके लांब पाय माणसाला क्वचितच लाभतात. वस्तू नष्ट होते आणि तिचे माप भाषेत राहून जाते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

ऑर्डिनरीवर बसलेल्या माणसाचे पाय जमिनीपासून फार वर असत. तो टेकण्याचा प्रश्नच नव्हता. मागच्या बाजूला कण्याच्या खालच्या टोकाशी एक लहानशी पायरी असे. तिच्यावर एक पाय ठेवून दुसऱ्याने सायकल ढकलीत न्यावयाची आणि गती येताच वर झेप घेऊन आसनावर बसावयाचे. मराठीत सायकलवर चढण्याच्या क्रियेला 'टांग मारणे' म्हणतात. ती पुष्कळशी अशीच आहे, फक्त येथे झेप आडवी असते आणि तेथे ती मागून पुढे असे.

उंच चाकावरून पडणे जिवावर बेते, म्हणून बुटक्या सायकलींचे प्रयोग सुरू झाले. १८८४ च्या 'कँगरू' सायकलीत पुढचे चाक सुमारे ३६ इंचांचे होते आणि दोन बाजूंच्या दोन साखळ्यांनी त्याला अधिक फेरे दिले जात. अशा सायकलींना त्या काळच्या इंग्रजीत सर्रास 'ड्वार्फ', म्हणजे खुजी, हे विशेषण लावीत. हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या वेळी उंची हा यंत्राचा गुणधर्म मानला जाई आणि 'खुजे' हे यंत्रालाच म्हणत, माणसाला नव्हे. १८८५ मध्ये जेम्स स्टार्लीचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' सायकल बाजारात आणली. दोन जवळजवळ सारखी चाके, मागच्या चाकाला साखळी आणि दोहोंच्या मधोमध खाली आसन, ही जी आजच्या सायकलीची बांधणी ती तेथून रूढ झाली. साखळीने पल्ल्याचा प्रश्न पायाच्या लांबीपासून तोडला आणि आसनाचा दांडा वरखाली सरकविण्याची सोय झाली. थोडक्यात, रिकिबीच्या पट्ट्याची जागा या दांड्याने घेतली.

त्याच वर्षी जर्मनीत कानश्टाट येथे गोटलीप डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी चौकटीत पेट्रोलचे एंजिन बसवून दुचाकी तयार केली. तिचे आसन एंजिनाच्या थेट वर, चांगलेच उंच होते. परंतु तिच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंग लावलेले एकेक लहान चाक होते. पहिल्या मोटारसायकलने स्वाराकडे पाय मागितलाच नाही. तिसरा आधार तिने स्वतः बरोबर आणला होता. हा मार्ग पुढे कोणी अनुसरला नाही. १८९४ मध्ये म्यूनिक येथे हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांची जी मोटारसायकल मोठ्या संख्येने तयार होऊ लागली, तिला पायटे नव्हते आणि क्लचही नव्हता. ती ढकलून, पळत जाऊन चालू करावी लागे. साहजिकच तिची चौकट मधोमध मोकळी व सखल ठेवलेली होती. जर्मन भाषेतील 'मोटोराड' हा शब्द या यंत्राबरोबर रूढ झाला.

यानंतरच्या चाळीस-पन्नास वर्षांत मोटारसायकलचे आसन खालीच राहिले. त्याचे कारण स्वाराविषयीची आस्था हे नव्हते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. कारण निव्वळ बांधणीचे होते. मागचे चाक चौकटीला घट्ट जखडलेले असे, त्याला वरखाली हालण्यास वाव नव्हता. त्यामुळे चाक आणि आसन यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवण्याचे प्रयोजन नव्हते. आसन मागच्या चाकाच्या पुढे, चौकटीच्या खोलगट भागात बसविता येई, आणि रस्त्याचे धक्के आसनाखालच्या स्प्रिंगांनी सोसावयाचे असत. १९१३ मध्ये अमेरिकेतील 'इंडियन' कंपनीने मागच्या चाकाला बैलगाडीच्या नव्हे, पण मालमोटारीच्या पाट्यांसारखे पाटे लावून पाहिले. तरी सर्वसाधारण रीत जखडलेल्या चाकाचीच राहिली. १९१६ मध्ये ऑगस्टा व अॅडेलीन व्हॅन ब्यूरेन या दोघी बहिणींनी इंडियन मोटारसायकलींवरून अमेरिका खंड पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडले. रस्ते म्हणावेत असे रस्ते तेव्हा पश्चिमेत नव्हते. त्यांनी सोसलेल्या हालअपेष्टांचा आणि वाटेत त्यांच्या पोशाखावरून झालेल्या अटकांचा उल्लेख सर्वत्र येतो. आपण स्त्रिया असूनही सैन्यात संदेशवाहकाचे काम करू शकतो हे त्यांना सिद्ध करावयाचे होते. सैन्याने ते मान्य केले नाही. त्यांना नाकारले गेले ते स्त्रिया म्हणून, यंत्राने मात्र त्यांना नाकारले नव्हते. हा फरक पुढील कालखंडाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

हे चित्र पालटले ते चाकांना स्प्रिंगांची मोकळीक मिळाल्यामुळे. कोशांतून 'सस्पेन्शन' या शब्दाला 'निलंबन' असा प्रतिशब्द सुचविलेला आढळतो. तो कचेरीतील कारकुनाला जितका लागू पडतो तितका मोटारसायकलला पडत नाही. गॅरेजमध्ये याच वस्तूला 'शॉकअप' म्हणतात. इंग्रजी 'शॉक-अॅब्सॉर्बर' या जोडशब्दाचा उत्तरार्ध जिभेला न पेलल्याने त्याच्या जागी परिचित 'अप' येऊन बसला. लोकव्युत्पत्तीचा हा नमुना अभ्यासकांनी नोंदवावा असा आहे. सायकलीच्या पुढच्या दुभंगलेल्या भागाला मराठीत 'चिमटा' म्हणतात, तो शब्दही येथे उपयोगी पडतो.

१९३५ मध्ये जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने आपल्या 'आर १२' या मोटारसायकलला एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा व तेलाने उसळी दाबणारा चिमटा बसविला. दुसऱ्या महायुद्धानंतर मागच्या चाकालाही बिजागरीवर हालणारा चिमटा आणि दोन बाजूंना दोन शॉकअप देण्याची पद्धत पसरली. रॉयल एनफील्डच्या 'बुलेट'ने ती १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस स्वीकारली. रेक्स मॅककँडलेस या बेलफास्टच्या यंत्रज्ञाने रचलेली नॉर्टनची 'फेदरबेड' चौकट १९५० मध्ये शर्यतीत उतरली. मागचे चाक आता वर येणार, म्हणून त्याच्या वर जागा मोकळी ठेवणे भाग पडले. याच सुमारास एकेरी, लोंबत्या आसनाऐवजी दोघांसाठी सलग सपाट गादी आली. ती मागच्या चाकाच्या वरून जाते. चाक जितके वर उसळणार, त्याहून ती वरच असली पाहिजे. मराठीत 'डबल सीट' हा शब्द इतका रुळला आहे की सायकलीच्या कॅरियरवर कोणी बसले तरी 'डबल सीट' जाणे असेच म्हणतात. पुढे बसणाऱ्याला आपल्या पायांच्या लांबीतून या सोयीची किंमत द्यावी लागली, हे त्या शब्दात दिसत नाही.

तरीही १९७० पर्यंत ही वाढ माफक होती. चाकाला वरखाली हालण्यास जो वाव असतो त्याला या लेखापुरते 'चाल' म्हणू. ती त्या वेळी मागच्या चाकाला साधारण चार इंच असे. पुढील दहा वर्षांत खडबडीत मैदानावरील शर्यतींनी ती बारा इंचांवर नेली. बेल्जियमच्या ल्युसियाँ टिलकेन्स याने दोन शॉकअपांऐवजी आसनाखाली एकच लांब शॉकअप आडवा बसविण्याची कल्पना काढली. ती जपानच्या यामाहा कंपनीने घेतली आणि १९७३ मध्ये हॉकन आंडरसन याने त्या यंत्रावर २५० सी.सी. गटाचे मोटोक्रॉस विश्वविजेतेपद मिळविले. त्यानंतर प्रत्येक कंपनी चाल वाढविण्याच्या मागे लागली. चाल लांब असली की चाक खड्ड्यात उतरते आणि उंचवट्यावर चढते, पण चौकट जवळजवळ सरळ रेषेत जाते. स्वाराला अधिक वेग ठेवता येतो. या लाभापुढे आसनाच्या उंचीचा विचार करण्यास कोणाला सवड नव्हती. या प्रकारच्या शर्यतीच्या मोटारसायकलीचे आसन आज जमिनीपासून सुमारे ९५ सेंटिमीटरांवर असते. शर्यतीत आरंभी एकदा पाय टेकावा लागतो, आणि स्वार एकाच बाजूला सरकून, एका पायावर ते साधून नेतो.

येथे माप घेण्याचा आधारच बदलला. चाकाचा व्यास पायावरून ठरत होता तो काळ मागे पडला. आसनाची उंची आता खड्ड्याच्या खोलीवरून ठरू लागली. शर्यतीपुरते हे योग्यच होते. परंतु शर्यतीतील रूपाचे आकर्षण रस्त्यावर उतरले. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने 'आर ८० जी/एस' ही मोटारसायकल विक्रीस काढली. रस्ता व माळरान या दोहोंवर चालणारी मोठी यंत्रे त्याआधीही झाली होती, पण लांबच्या प्रवासाचे 'साहसी' वाहन म्हणून जी जात आज सर्वत्र दिसते तिचे मूळ येथे आहे. तिचे आसन ८६० मिलिमीटरांवर होते. माणसाच्या पायाची आतील लांबी त्याच्या उंचीच्या साधारण ४५ ते ४७ टक्के भरते. नेदरलँड्सच्या तरुण पुरुषांची सरासरी उंची सुमारे १८३ सेंटिमीटर आहे. त्याचा पाय ८४ सेंटिमीटरांच्या आसपास येईल आणि बुटाचा तळवा धरला तर तो जमिनीवर जवळजवळ सपाट टेकेल. भारतीय पुरुषाची सरासरी उंची सुमारे १६५ आणि स्त्रीची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे. स्त्रीचा पाय या हिशेबाने ७० सेंटिमीटर होतो. उरलेले सोळा सेंटिमीटर टाचा उंचावून भरून निघत नाहीत. शिवाय गादी रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय आणखी आखूड होतो, हे कोष्टकातील आकड्यात येतच नाही.

यात आणखी एक अन्याय दडलेला आहे, आणि तो यंत्रशास्त्रीय असल्यामुळे सहसा ध्यानात येत नाही. स्प्रिंग स्वाराच्या वजनाने थोडी दबते आणि आसन तितके खाली येते. लांब चालीच्या यंत्रात एकूण चालीच्या एक-तृतीयांश इतके दबणे योग्य मानतात. ३०० मिलिमीटर चाल असेल तर हे शंभर मिलिमीटर होतात. पण स्प्रिंग ज्या वजनाला धरून निवडली त्याहून स्वार हलका असला, तर ती तितकी दबत नाही. आखूड पायांचा माणूस बहुधा वजनानेही हलका असतो. ज्याला आसन खाली हवे त्याच्यासाठीच ते अधिक वर राहते.

अशा यंत्रावर बुटक्या स्वाराने काय करावे, याचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर गास्तों राइए या बेल्जियन स्वाराने दिले. १९७५ पासून सलग तीन वर्षे १२५ सी.सी. मोटोक्रॉसचा तो विश्वविजेता होता आणि उंचीने अगदी ठेंगणा होता. १९८४ व १९८५ या दोन्ही वर्षी त्याने बीएमडब्ल्यूवर पॅरिस-डाकार ही वाळवंटातील शर्यत जिंकली. त्याच्या यंत्राची पेट्रोलची टाकी इतकी मोठी होती की तिच्या मागे तो जवळजवळ दिसेनासा होई. त्याचे पाय जमिनीला टेकत नसत. यंत्राच्या बाजूला उभे राहून ते चालू करावयाचे, ते हलू लागताच डाव्या बाजूच्या पायठेवणीवर उभे राहावयाचे आणि धावत्या यंत्रावर टांग टाकावयाची, अशी त्याची आरंभ करण्याची पद्धत समकालीनांनी वर्णिलेली आहे. ऑर्डिनरीच्या पायरीवरून आसनावर झेप घेणाऱ्या स्वाराची ही अगदी तीच क्रिया होय. महाराष्ट्रातील गावोगाव ज्यांनी वडिलांच्या सायकलीच्या त्रिकोणी चौकटीतून पाय घालून 'हाफ पायडल' मारीत सायकल शिकून घेतली, त्यांनाही ती अपरिचित वाटणार नाही. राइएच्या उदाहरणावरून कित्येक जण असा निष्कर्ष काढतात की कौशल्य असेल तर उंचीचा प्रश्न उरत नाही. हा निष्कर्ष बरोबर नाही. राइए असामान्य होता. वाळवंटात थांबण्याचे प्रसंगही थोडे असतात. चौकातील दिव्याजवळ, चढावर, मागे मूल बसलेले असताना दर दोन मिनिटांनी थांबणाऱ्याला राइएचे कौशल्य असून चालणार नाही. त्याला पाय टेकावयास जमीनच लागते.

आसन खाली आणण्याचा उद्योग याच दशकात वाढीस लागला, आणि त्याचे साधन ज्यांनी उंची वाढविली त्यांच्याच शोधातून निघाले. १९८० च्या सुमारास कावासाकी, होंडा व सुझुकी या कंपन्यांनी मागचा चिमटा आणि शॉकअप यांच्यामध्ये लहान दांड्यांची जोडणी घातली. हेतू असा की चाक जसजसे वर येईल तसतसा स्प्रिंगचा विरोध वाढत जावा. या जोडणीतील एक पट्टी दोन्ही टोकांना फुगीर व मधे निमुळती असते; तिच्या आकारावरून कारागीर तिला इंग्रजीत 'डॉग-बोन', म्हणजे कुत्र्याचे हाड, म्हणतात. ही पट्टी तरफेच्या अशा जागी असते की तिच्या लांबीत काही मिलिमीटरांचा फरक केला की आसनाच्या उंचीत त्याच्या कित्येक पटींनी फरक पडतो. त्यामुळे शॉकअप न उघडता, दोन बोल्ट सोडून आणि लांब पट्टी घालून आसन खाली घेता येऊ लागले. पुढच्या बाजूला चिमट्याच्या नळ्या त्यांना धरणाऱ्या पकडीतून तितक्याच वर सरकवावयाच्या. काम एका दुपारचे, आणि खर्च थोडा.

परंतु तरफ आपला मोबदला घेतल्याशिवाय राहत नाही. दोन चाकांतील अंतर १४०० मिलिमीटर धरले आणि फक्त मागची बाजू २५ मिलिमीटर खाली घेतली, तर पुढच्या चिमट्याचा कल सुमारे एका अंशाने वाढतो. हँडल जड वाटू लागते आणि दिव्याचा झोत वर जातो. फक्त पुढची बाजू खाली घेतली तर उलट घडते, आणि वेगात यंत्र चंचल होते. दोन्ही बाजू सारख्या घेतल्या तर भूमिती राहते, पण एंजिनाचे पोट दगडाला लागते आणि वळणावर पायठेवणी लवकर घासते. बाजूचा स्टँड पूर्वीइतकाच लांब राहिल्याने उभी केलेली मोटारसायकल पुरेशी कलत नाही. वाऱ्याच्या झोताने अथवा कोणाच्या धक्क्याने ती दुसऱ्या बाजूला पडते. म्हणून जाणता कारागीर स्टँडही तितकाच कापून पुन्हा सांधतो. याहून गंभीर चूक स्प्रिंग सैल करून उंची उतरविण्याची. तीत चाल तेवढीच राहते, पण तिचा बराचसा भाग उभ्या उभ्याच खर्ची पडतो, आणि खड्डा आला की शॉकअप तळाला आपटतो. शॉकअप व चिमटा उघडून आत नळीचा तुकडा घालावयाचा, म्हणजे चाल आखूड करावयाची, आणि त्या आखूड चालीला व स्वाराच्या वजनाला जुळेल अशी स्प्रिंग निवडावयाची, ही खरी रीत होय. ती महाग पडते. जर्मनीत अशा बदलाची 'टीफरलेगुंग', म्हणजे खाली बसविणे, या नावाने तपासणी होते आणि वाहनाच्या कागदपत्रांत नोंद करावी लागते. आपल्याकडे बहुतेक काम गादीवर भागविले जाते. गादीचे आवरण काढून फोम कापावयाचा आणि कडा निमुळत्या करावयाच्या. रुंदी घटल्याने पाय सरळ खाली उतरतात, आणि यंत्राच्या भूमितीला धक्का लागत नाही. या साध्या उपायाची योग्यता तज्ज्ञ समजतात त्याहून अधिक आहे.

भारतात हा प्रश्न दीर्घ काळ तीव्र झाला नाही, याला इतिहास आहे. १९४६ मध्ये इटलीत कोर्रादिनो दास्कानियो या विमानरचनाकाराने 'व्हेस्पा' स्कूटर आखली. त्याला मोटारसायकल आवडत नसे, आणि पाय न फाकता, पुढून पाऊल टाकून बसता यावे अशी त्याची रचना होती. १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत पुण्याजवळ आकुर्डीला बजाज कंपनी ती बनवू लागली. १९७२ मध्ये तेथेच 'चेतक' आली, आणि त्याच वर्षी पुण्याच्या कायनेटिक कंपनीची 'लुना'. लुनावर बसणाऱ्या शिक्षिका, परिचारिका, कारकून स्त्रिया हे महाराष्ट्राच्या शहरांतील त्या पिढीचे नित्याचे दृश्य होते. आसन खाली, मधला भाग मोकळा, वजन थोडे. आखूड पायांचा प्रश्न वाहन बदलून सोडविला गेला. पण त्यातून एक अलिखित वाटणी रूढ झाली : सखल वाहन स्त्रियांचे, उंच वाहन पुरुषांचे. १९८९ च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांतील १२३ वा नियम मागे बसणाऱ्यासाठी हातपकड, पायठेवण आणि वस्त्र चाकात अडकू नये म्हणून आवरण अनिवार्य करतो. नियम करणाऱ्याच्या डोळ्यापुढे मागच्या आसनावरील साडी होती, हे यावरून उघड आहे. पुढच्या आसनावरील पायाचा विचार नियमात नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ही वाटणी मोडत चालली. मोठ्या मोटारसायकलींवरून हिमालयात जाणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली, आणि कंपन्यांनाही गिऱ्हाइके हवीच होती. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने १९७७ मध्येच सुमारे २७ इंच उंचीच्या आसनाची 'लो रायडर' काढली होती. तेथे मात्र सखलपणा हा रूपाचा भाग होता, गरजेचा नव्हे, म्हणून तिच्यावर बसणाऱ्याला कोणी बुटका म्हटले नाही. रॉयल एनफील्डच्या २०२३ च्या 'हिमालयन ४५०' मध्ये आसन ८२५ वा ८४५ मिलिमीटरांवर बसविता येते आणि त्याहून सखल गादी वेगळी मिळते.

याहून मूलगामी उपाय २०२१ मध्ये हार्ले-डेव्हिडसनच्या 'पॅन अमेरिका'त आला. यंत्र थांबू लागले की विद्युत-नियंत्रित शॉकअप स्प्रिंगवरील ताण सोडतात आणि आसन एक ते दोन इंच खाली येते. गती घेतल्यावर ते पूर्ववत वर चढते. २०२३ च्या बीएमडब्ल्यू 'आर १३०० जीएस'मध्ये अशाच योजनेने आसन ८५० वरून ८२० मिलिमीटरांवर उतरते. ट्रायंफच्या 'टायगर १२००'मध्ये ही उतरण वीस मिलिमीटरांपर्यंत आहे. धावताना लागणारी उंची आणि थांबताना लागणारी उंची या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यंत्ररचनाकारांनी प्रथमच मान्य केले. उंटाने ते फार पूर्वी मान्य केले होते. ही यंत्रे अद्याप फार थोड्यांना परवडतात, आणि तीस मिलिमीटर उतरल्यानंतरही पूर्वी मांडलेल्या हिशेबातील स्त्रीच्या पायाला बारा सेंटिमीटर कमीच पडतात. कंपन्या म्हणून त्याच यंत्रांसाठी आखूड चालीचे शॉकअप आणि निमुळत्या गाद्याही सूचिपत्रात देतात. सूचिपत्रातील आसनाची उंची अनेकदा स्वार बसलेला नसताना मोजलेली असते. ती बसलेल्या स्वाराच्या वजनासह, आणि गादीच्या रुंदीसह दिली गेली, तर विकत घेणाऱ्याला ४८ इंची की ५० इंची चाक घ्यावे हे ठरविणाऱ्या १८८० मधील गिऱ्हाइकाइतकी तरी माहिती मिळेल.